चौथी चौकट

आपण हुशार आहोत हे फ्लॉसीला फार लवकर कळलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी विसरू नये याची ती चोख काळजी घेत असे. वय तेरा, इयत्ता सातवी. पाठचा भाऊ रुडॉल्फ अकरा वर्षांचा. तोही काही ढ नव्हता, पण हुशारी गावभर मिरवायचा त्याला कंटाळा होता. अशा भावाशी स्पर्धा लावण्यात तशी मजा नसते. पण घरात दुसरं पोर नव्हतं, आणि जिंकल्याशिवाय फ्लॉसीला अन्न गोड लागत नसे.

स्वातंत्र्याला चार वर्षं झाली होती. वसईच्या पश्चिम अंगाला, केळीच्या वाड्यांमधल्या एका ख्रिस्ती आळीत त्यांचं घर. बा, म्हणजे ज्युलियस, मोगरा नि केळी घेऊन मुंबईच्या बाजाराला जाई. एकदा येताना त्यानं आयसाठी काचेच्या बशा आणल्या, इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळून. आय बशांवर खूश झाली आणि पोरं कागदावर तुटून पडली. त्या कागदात एका लठ्ठ माणसाची गोष्ट चार चौकटींत काढली होती. पहिलीत तो खुर्चीला रंग देतो, दुसरीत लांब उभा राहून कौतुक करतो, तिसरीत दमतो, चौथीत त्याच खुर्चीवर बसतो. वर इंग्रजी अक्षरं होती ती दोघांनाही धड कळली नाहीत, पण हसू आलं ते आलंच.

"असं मीपण काढेन," रुडॉल्फ म्हणाला.

"तू? तुझा बैल कोण नि बकरा कोण हे खाली लिहावं लागतं," फ्लॉसी म्हणाली. झालं, पैज लागली.

फ्रेडरिक मास्तर शाळेतले जुने परीक्षेचे कागद देत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला चार चौकटी आखायच्या. शाई केळीची. केळीचं पान तोडलं की देठातून पाण्यासारखा चीक गळतो. काडीनं तो कागदावर ओढला की आधी नीट दिसत नाही, सुकला की तपकिरी होतो आणि मग जन्मात निघत नाही. याची साक्ष फ्लॉसीच्या दोन झग्यांवर होती, आणि त्या झग्यांपायी खाल्लेल्या धपाट्यांची तिच्या पाठीवर.

परीक्षक सॅन्टनकाका. बाचा थोरला भाऊ, वाडीच्या पलीकडच्या टोकाला एकटाच राहणारा माणूस. मूलबाळ नव्हतं, आणि आल्बिनाकाकू मागच्या वर्षी गेली. काका उंच, खांद्यात वाकलेले, आवाज मात्र असा की रहाटावरून बैलाला हाक मारली तर शेजारच्या आळीतले बैलही कान टवकारत. दर रविवारी ते एक विषय देत, पुढच्या रविवारी दोघांचे कागद बघत, आणि ज्याच्यावर आधी हसू येईल त्याला बक्षीस म्हणून एक सुकेळं. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची नि वाळक्या पानात बांधायची, हे काम अख्ख्या आळीत काकांसारखं कुणाला जमत नसे. त्यामुळे बक्षीस काही ऐरंगैरं नव्हतं.

पहिल्याच रविवारी फ्लॉसीनं माणसांच्या तोंडांवर फुगे काढून त्यांत झोकदार वाक्यं लिहिली होती. काकांनी कागद हातभर लांब धरला, नाकाशी धरला आणि परत दिला.

"चष्मा नाय माझ्याकडं," ते म्हणाले. "अन् अक्षरं कशाला घालता गो? अक्षरं वाचायची तर पुस्तकं हायत. चित्र म्हंजे कसं, मुक्यानं मुक्याला सांगितलं पायजे."

पोरांना ते मोठं पटलं. तेव्हापासून नियमच झाला, चौकटीत एकही अक्षर घालायचं नाही. जे सांगायचं त्याचं चित्र करायचं. काकांकडे चष्मा कधीच नव्हता, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

मे महिना अर्धा सरला तेव्हा रुडॉल्फची पाच सुकेळी झाली होती आणि फ्लॉसीची तीन. ते काही तिला सहन होईना. रुडॉल्फची रेघ वाकडी, माणसांना माना नाहीत, पण त्याची गोष्ट हसवायची. रहाटाला जुंपलेला बैल थांबतो, मागचा माणूस झोपलेला बघतो, आणि मग बैलच त्याच्या डोक्याखाली गवत सरकवून पुन्हा फिरू लागतो, एवढंच त्यानं काढलं होतं. काका ठसका लागेपर्यंत हसले. फ्लॉसीची चित्रं सुबक असत, आणि काका ती बघून "छान" म्हणत. छान म्हणणं वेगळं आणि हसणं वेगळं, हे न कळण्याइतकी ती बावळट नव्हती.

"या खेपेला असं काढा," काकांनी विषय दिला, "जे तुम्ही रोज बघता, पन बघत नाय."

आता मे महिन्यात आळीत रोज बघायचं ते एकच. संध्याकाळ झाली की सगळी घरं आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापाशी जमायची आणि लदीन म्हणायची. लदीन म्हणजे मारियामातेच्या नावांची लांबच लांब विनवणी. एकानं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी मागून "ओरा प्रो नोबिस", म्हणजे आमच्यासाठी विनव, असं म्हणायचं. नावं सगळी लॅटिन, म्हणणाऱ्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नाही, पण चाल अशी मुरलेली की पाळण्यातली पोरंही त्यावर झोपत. शेवटी उकडलेले चणे वाटायचे. नावं घ्यायचा मान सॅन्टनकाकांचा. त्यांच्या बापाकडून तो त्यांच्याकडे आला होता. पांढरा सदरा घालून, हातात देवनागरीत छापलेलं प्रार्थनेचं लहानसं पुस्तक धरून ते पायरीवर उभे राहत, आणि पहिलं नाव घेतलं की वाडीतली पाखरंसुद्धा गप्प होत.

त्यांच्या शेजारी कंदील धरायचं काम आल्बिनाकाकूचं असे. ती गेली, म्हणून यंदा कंदील फ्लॉसीच्या हाती आला. म्हणजे आळीत एकटी फ्लॉसीच अशी होती जिला काकांच्या हातातलं पान दिसत होतं.

मंगळवारी तिनं सहज वाचलं. काका मारियेची नावं घेत होते, आणि पानावर औषध घेण्यापूर्वी म्हणायची प्रार्थना होती. दर चार नावांनंतर काका अंगठा जिभेला लावत आणि पान उलटत. लदीन पुस्तकात दोनच पानं होती, काका मात्र उलटतच होते. बाळाच्या बाप्तिस्म्याची प्रार्थना आली, लग्नातली आली, पाऊस पडावा म्हणूनची आली, उपासाच्या दिवसांचा तक्ता आला. लदीन संपली तेव्हा पुस्तकही संपलं होतं. शेवटच्या पानावर त्याच छापखान्यात मिळणाऱ्या इतर पुस्तकांची यादी होती. त्या यादीसमोर डोळे मिटून काका खणखणीत "आमेन" म्हणाले.

घरी येईपर्यंत फ्लॉसीनं सगळं जुळवलं. नसलेला चष्मा, अक्षरं घालू नका म्हणणं, टपाल आलं की "बघ रे रुडॉल्फ, काय म्हनतात" म्हणत ते पुढे करणं. काकांना वाचता येत नाही! खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला कीव आली नाही. तिला आनंद झाला. सहावं सुकेळं रुडॉल्फच्या हाती लागू न देणारी गोष्ट आयती ओंजळीत पडली होती.

चित्र तिनं जीव ओतून काढलं. चारही चौकटींत पायरीवरचे काका, तोच सदरा, तोच पुढे आलेला कंठमणी, जिभेला लावलेला अंगठा. पहिल्या चौकटीत उघड्या पानावर मारिया, डोक्याभोवती तारे. दुसरीत पानावर पाळणा. तिसरीत नवरानवरी. मागचे लोक मात्र तस्सेच, तोंडं उघडून गाताहेत. आता चौथीत काय काढायचं? खरं तर तिथं यादी होती. पण यादी अक्षरांशिवाय काढणार कशी, आणि यादीला हसणार कोण? तिनं क्षणभर काडी चावली आणि पानावर शवपेटी काढली, वर क्रूस, चार बाजूंना चार मेणबत्त्या. काका डोळे मिटून समाधानानं गाताहेत आणि मागे आळी हात जोडून डोलते आहे. खोटं होतं, पण फर्मास होतं.

रुडॉल्फनं शनिवारी ते पाहिलं. आधी फस्सकन हसला, मग हसू थांबलं.

"काकाला वाचता येत नाय?"

"नाय."

"मग हे त्याला दाखवू नको."

"हरायला लागलास की लगेच धर्म आठवला," फ्लॉसी म्हणाली.

 रुडॉल्फनं आपला कागद काढून दाखवला. कोंबडी रोज अंडं घालते आणि रोज तितकीच ओरडते, असलं काहीतरी होतं. फ्लॉसीला ते बघूनच आपण जिंकलो हे कळलं.

चित्रं काकांच्या ओटीवर नेऊन दाखवायची हा शिरस्ता. तसं केलं असतं तर गोष्ट तिघांत राहिली असती. पण जिंकायचं ते चार लोकांत, असं फ्लॉसीच्या मनानं घेतलं. रविवारी लदीन संपली, चण्यांचं पातेलं फिरू लागलं, आणि तिनं क्रुसाच्या पायरीवरच काकांच्या हातात कागद दिला. कंदीलही वर धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून.

काकांनी पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. मग दुसरीवर, मग तिसरीवर. शेजारची एमिलीबाय त्यांच्या खांद्यावरून डोकावली आणि "अगो बाय माझे!" म्हणून खिदळली. तिच्या मागून आणखी दोघं-चौघं वाकले. अंगठ्याचं हसू आलं, कंठमण्याचं आलं, कुणाला त्या गाणाऱ्यांत आपलंच उघडं तोंड दिसलं. चांगला हशा पिकला. फ्लॉसीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि मग हसणं एकाएकी बंद झालं. एमिलीबायनं तोंडावर पदर घेतला. एकानं खाली बघितलं, एकानं चण्यांच्या पातेल्याकडे. मोठ्या माणसांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फ्लॉसीला ते दिसलं. यांना ठाऊक आहे. सगळ्या आळीला ठाऊक आहे. इतकी वर्षं कुणी म्हणून कुणी ते तोंडावर आणलं नाही, आणि आपण ते चीक लावून काढून दाखवलं.

काकांचं बोट चौथ्या चौकटीवर बराच वेळ राहिलं. मग त्यांनी मान वर केली.

"फ्लॉसी जिंकली," ते म्हणाले. परीक्षक म्हणून कधी त्यांनी लबाडी केली नव्हती. "मस्त काढलंस गो. एक रेघ खोटी नाय."

त्यांनी खिशातून सुकेळं काढून तिच्या हातावर ठेवलं. सगळे बघत होते. काय करावं ते तिला सुचेना, म्हणून तिनं ते खाल्लं. तिथंच उभं राहून, कंदील एका हातात धरून, चावून चावून खाल्लं. पुढे कितीतरी वर्षं तिला त्या संध्याकाळचं दुसरं काही आठवलं नाही तरी ते खाणं आठवे, आणि कान गरम होत.

कागदाची घडी करून काकांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ते घरी गेले.

घरी तिला वाटलं आता बा मारणार. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता भिंतीला टेकून बसला. आयनं पानं वाढली, कुणी घास उचलला नाही.

"मना ठाऊक होतं," शेवटी बा म्हणाला. "मीच त्याला पुस्तक दिलेलं. लदीन सुरू होते त्या पानाचा कोपरा मीच दुमडून देतो, दर वर्षी."

"मग त्याला शिकवलं का नाय?" रुडॉल्फनं विचारलं.

 बा बोलला ते पोरांकडे न बघता.

"आमच्या बापाला एकच पोरगा शाळेत घालता येत होता. दुसरा रहाटावर पायजे. पाद्रीबाबा म्हनाले, जो हुशार तो धाडा. मग बापानं आमाला दोघांना क्रुसापुढं उभं केलं अन् म्हनाला, लदीन म्हना. सॅन्टन नऊ वर्सांचा, मी सात. त्यानं पयल्यापासून शेवटपर्यंत सगळी म्हटली, एक नाव चुकला नाय. मी चौथ्या नावाला अडलो."

"मग?"

"मग बाप म्हनाला, ह्याला तर सगळं येतंच. हा शाळेत जाऊन आनिक काय शिकनार? ज्याला येत नाय त्याला घाला. अन् मना घातलं." बानं नाक पुसलं. "मी जिंकलो म्हनून नाचलो होतो. त्याला शिकव म्हनून सांगायला मना तोंड कुठंय?"

फ्लॉसीनं ताटावरून उठून तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. काकांनी रहाट ओढला म्हणून बा शिकला, बा शिकला म्हणून ती सातवीत होती, आणि सातवीत होती म्हणून तिला पान वाचता आलं होतं. इतका साधा हिशेब तिच्या हुशार डोक्यात कधी आला नव्हता. तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे क्रुसापाशी जमले. काका आले नाहीत. लोक थोडा वेळ आळीकडे बघत राहिले, मग कुणीतरी फ्रेडरिक मास्तरांना पुढे केलं. मास्तरांनी पुस्तकात बघून एकेक नाव शुद्ध वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं. लोकांचं उत्तर कधी आधी पडे, कधी उशिरा. लदीन लवकर संपली. मंगळवारी आणि बुधवारीही तेच. गुरुवारी माणसं निम्मी आली. फ्लॉसी रोज कंदील धरून उभी राहायची. तिला कुणी बोललं नाही, ओरडलं नाही, चणे देताना एमिलीबाय तिच्या ओंजळीत नेहमीपेक्षा जास्तच घालायची. ते चणे ती वाटेत कोंबड्यांना टाकायची.

शुक्रवारी आय म्हणाली, "जा, त्याचे पाय धर. असं बघत बसून काय होनार?"

रुडॉल्फ बरोबर येतो म्हणाला. फ्लॉसी नको म्हणाली. त्याच्यासमोर माफी मागायची लाज वाटत होती, कारण त्यानं आधीच सांगितलं होतं.

उन्हं कलली होती. काका ओटीवर बसून वाळक्या पानात सुकेळी बांधत होते. केळीच्या सोपटाची दोरी दातात धरून त्यांनी गाठ मारली आणि तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. येताना पाठ केलेली सगळी वाक्यं उडून गेली.

"काका, चुकलं माझं. माफ कर."

"कशाची माफी? मीच म्हटलेलं ना, रोज बघता पन बघत नाय ते काढा म्हनून. तू काढलंस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "आळीत सगळ्यांना ठावं हाय. मनापन ठावं हाय की त्यांना ठावं हाय. हातात पुस्तक असलं म्हंजे बरं दिसतं, म्हनून धरायचं. त्याचं काय एवढं."

"मग तू येत का नाय? सगळे वाट बघतात. मास्तरांना चाल येत नाय. चल ना रे काका, मी सगळ्यांसमोर माफी मागते."

काकांनी पुडकं बाजूला ठेवलं. खिशातून घडी काढली, उलगडली आणि गुडघ्यावर सपाट केली. घडीच्या जागा पाच दिवसांत मऊ पडल्या होत्या. सारखी उघडून बघितलेली होती ती.

"एक सांग मना," ते म्हणाले, आणि त्यांनी चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. "लदीन संपते तवा माझ्या हातात हे पान असतं? मेलेल्यांचं?"

फ्लॉसीला आधी काही कळलं नाही.

"दर साली मी तिथंच येतो ना? पानं तेवढीच, नावं तेवढीच. मागच्या साली मे महिन्यात आल्बिना खाटेवर होती. ती म्हनाली, तुमी जा, लोक खोळंबलेत, माझ्यासाठी मागा. मी रोज जायचो. रोज मनात तिचंच नाव घ्यायचो." काकांचा तो आवाज, आळीभर ऐकू जाणारा, आता ओटीच्या पायरीपर्यंतही पोचत नव्हता. "अन् रोज शेवटी हे पान उघडून क्रुसापुढं उभा राहायचो? तिच्या नावानं?"

"नाय! नाय काका!" फ्लॉसी जवळजवळ ओरडलीच. "ती पेटी खोटी हाय. तिथं पुस्तकांची यादी हाय नुसती. मी हसवायला काढली पेटी. मनानं काढली."

काका तिच्याकडे बघून हळूहळू मान हलवत राहिले, ताप आलेल्या पोराची बडबड ऐकावी तसे.

"फ्लॉसी, पुस्तकात चित्रं नायत, एवढं मना दिसतं. नुसती अक्षरं हायत. पन अक्षरं काढायची नाय, जे असेल त्याचं चित्र करायचं, हा आपला नियम. पयल्या चौकटीत मारिया काढलीस. त्या पानावर मारियेचंच हाय ना?"

"हो."

"मग पयली खरी अन् चौथी तेवढी खोटी कशी?"

तिच्याजवळ उत्तर होतं आणि ते खरं होतं, पण ते कसं पटवायचं ते तिला कळेना. तिनं आत धाव घेतली, खुंटीवरच्या पिशवीत बानं दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक होतं ते आणलं, शेवटचं पान उघडलं आणि काकांच्या शेजारी बसून एकेका शब्दाखाली बोट धरून वाचू लागली. "आमच्या छापखान्यात मिळणारी इतर पुस्तके. सकाळच्या व संध्याकाळच्या प्रार्थना. मुलांसाठी धर्मपाठ. संतांची चरित्रे, कापडी बांधणी. मागणी आल्यास टपालाने पाठवू." शेवटचा ठिपका आला तेव्हा तिनं वर पाहिलं. "बघ. एवढंच हाय. पेटी नाय, काय नाय."

"छान वाचतेस," काका म्हणाले. "तुझा बा पन असंच वाचतो. आल्बिनाला मुंबईच्या इस्पितळात दाखवलं, तिथून पत्र आलं. त्यानं वाचलं, हळूहळू आराम पडेल, काळजीचं कारन नाय. मग ती गेल्यावर तेच पत्र मी पाद्रीबाबांकडनं वाचून घेतलं. तसं काय नव्हतंच त्यात." ते जरासे हसले. "मी रागावलो नाय त्याच्यावर. मानूस बघून वाचावं लागतं. वाचनारे मन राखतात."

"मी मन राखत नाय! देवाची शपथ, काका, क्रुसाची शपथ..."

"शपथ नको घालू बाय." त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली. "तू हे काढलंस तवा तुझ्या मनात माझी भीड नव्हती. आता हाय. मग मी तवाचं खरं मानू का आताचं?"

  जे खोटं होतं त्याला काकांनी भर आळीत एक रेघ खोटी नाही म्हटलं होतं, आणि फ्लॉसी गप्प राहून सुकेळं खात होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

"मास्तरला चाल येईल हळूहळू," काका म्हणाले. "मी नाय यायचा. माझ्या हातानं पुन्हा ते पान उघडायला नको."

तिनं पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. या वेळी अधिक सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. डोळे भरल्यामुळे ओळी एकमेकींत शिरत होत्या आणि आवाज मध्येच फुटत होता. काका पुस्तकाकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती अडखळली की तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "राहू दे गो, राहू दे. कळलं मना."